सोलापुरातल्या झाडांवरच्या दगडफुलात कुठला धातू किती, हे कसं मोजायचं

काळं तिखट करायला बसलं की दगडफूल लागतंच, तेलात जरा परतलं की त्याचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो, हे काय सांगायला नको. पण हे दगडफूल म्हणजे लायकेन, आणि त्याची भावकी आपल्या सोलापुरातसुद्धा झाडांवर न दगडांवर वाढते हे बऱ्याच जणांनी बघूनही बघितलेलं नसतं. जुन्या आंब्याच्या बुंध्यावर करडे-पांढरे गोल चट्टे दिसतात ना, लोक म्हणतात झाडाला रोग लागलाय, तो रोग नाही, ते लायकेन आहे आणि ते झाडाचं काही खात नाही, नुसतं सालीवर बसतं.

मी एमएस्सीच्या पोरांना प्रोजेक्टसाठी हे काम शिकवतो, दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. ज्यांना स्वतः करायचंय त्यांनी शांतपणे वाचा, घाईघाईत केलं तर आकडे येतात पण त्या आकड्यांना अर्थ नसतो.

आधी हे कळलं पाहिजे की लायकेनमध्ये धातू जमतातच का. लायकेन म्हणजे एक बुरशी आणि तिच्या पोटात राहणारं हिरवं शेवाळ किंवा सायनोबॅक्टेरिया, दोघांचा एकत्र संसार. मूळ नाही, खोड नाही, आणि झाडाच्या पानावर जो मेणासारखा थर असतो तोही नाही, त्यामुळं पाऊस, दव, धूळ यातून जे काय अंगावर पडेल ते सगळं आत शिरतं किंवा बुरशीच्या धाग्यांमध्ये अडकून बसतं. पानगळ होत नाही, वाढ वर्षाला काही मिलिमीटर, म्हणजे एका चट्ट्यात बऱ्याच वर्षांचा हिशोब साठलेला असतो. पॅरिसच्या एका बागेतल्या लायकेनवरून शहराची हवा ओळखता येते हे नायलँडर नावाच्या माणसानं १८६६ मध्येच लिहून ठेवलंय, म्हणजे कल्पना जुनीच आहे, मशिनं नवीन आली एवढंच.

आता सोलापूरची गोष्ट. इथं मशीन ही अडचण नाहीच, मशीन पैसे भरून कुठंही मिळतं. इथली खरी अडचण धूळ आहे. आपली जमीन दख्खनच्या बेसाल्टची, काळी माती त्याच दगडाची झालेली, आणि या दगडात मुळातच लोखंड, टायटॅनियम, व्हॅनेडियम, तांबं भरपूर असतं. पाऊस कमी, आठ महिने वारा न फुफाटा. मग लायकेनमध्ये तांबं जास्त आलं म्हणजे लगेच प्रदूषण असं नाही, ते शेजारच्या रानातनं उडून आलेलं असू शकतं. हे एक डोक्यात पक्कं ठेवलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं, आणि नाही ठेवलं तर लाखाच्या मशिनवरही चूकच उत्तर येतं.

कुठलं लायकेन घ्यायचं इथनं सुरुवात. मसाल्यातलं मोठ्या पाकळ्यांचं दगडफूल आपल्याकडं मिळत नाही, ते घाटमाथ्यावरच्या आणि हिमालयातल्या ओल्या हवेतलं. आपल्या कोरड्या हवेत जास्त करून खपलीसारखी चिकटलेली लायकेन दिसतात, दगडावर न सालीवर, ती खरवडली की दगडसुद्धा बरोबर येतो म्हणून मोजमापाला नकोच. त्यातल्या त्यात पानासारखं, कडेनं सुटं होणारं हवं. पिक्सिन कोकोज नावाचं लायकेन मैदानी भागात आंब्यावर बऱ्यापैकी सापडतं आणि भारतात धातू मोजायच्या कामात ते खूप वापरलं गेलंय. फिशिया आणि डिरिनारिया पण चालतात, पण एकदा एक ठरवलं की सगळ्या जागांवरनं तेच घ्यायचं, मिसळ करायची नाही, कारण प्रत्येकाची धातू धरायची ताकद वेगळी असते.

ओळखायची एक सोपी खूण सांगतो. ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च मिळते, ती घेऊन अंधार पडल्यावर आंब्याखाली जा आणि बुंध्यावर मारा. पिक्सिन कोकोज असेल तर तो दिवसा फिकट करडा दिसणारा चट्टा एकदम पिवळा चमकतो, त्याच्या वरच्या थरात लायकेझँथोन नावाचं रसायन असतं म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ तिथंच उभा होतो, रोज जाता-येता दिसणारं झाड आणि त्यावर असा नकाशा काढलेला. पण नुसत्या टॉर्चवर नाव पक्कं करू नका, कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) दहा टक्के द्रावणाची स्पॉट टेस्ट करा, म्हणजे थेंब टाकून रंग बदलतो का बघा, सेक्शन कापून बीजाणू बघा, आणि शंका असेल तर नमुना पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या किंवा लखनौच्या एनबीआरआयमधल्या (राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या) जाणकारांना दाखवा, दोन्हीकडं लायकेनचं मोठं संकलन आहे.

झाड निवडताना नजर लागते. रस्त्याकडंच्या झाडांना बुंध्याला चुना न गेरू लावलेला असतो, चुना म्हणजे कॅल्शियम आणि गेरू म्हणजे लोखंड, ते झाड बाद. पार बांधलेला वड-पिंपळ असेल तर तेल, हळद, कुंकू, वडाला गुंडाळलेला दोरा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेंदूर, पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड आहे, त्या झाडावरनं सॅम्पल घेतलं तर शिसं आभाळाला टेकतं. बोर्ड ठोकलेलं, तार बांधलेलं, खिळे असलेलं झाड नको, तारेला जस्ताचा मुलामा असतो आणि पावसात तेच पाणी ओघळून खाली येतं. बुंध्यावर पाणी ओघळायची जी काळी रेघ असते ना, तिच्यावरचं लायकेनसुद्धा सोडायचं.

आणि शेतातलं झाड असेल तर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एक तर झाड त्यांचं आहे, दुसरं मी स्वतः यात फसलोय. एका वर्षी सांगोल्याकडच्या एका बांधावरच्या आंब्याचं तांबं इतकं जास्त आलं की आम्ही दोनदा मशीन तपासलं, नवीन स्टँडर्ड बनवले, पोरांनी तर जवळ कुठं कारखाना आहे का ते नकाशावर शोधायला घेतलं. शेवटी परत तिथं गेलो आणि मामांना विचारलं, "मामा, ह्या आंब्यावर काय फवारलंय का?" तर म्हणाले, "आंब्यावर कशाला मारतोय, पलीकडं डाळिंबाला बोर्डो मारलं की उडतंय इकडं, वारं काय थांबतंय व्हय." बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. एका वाक्यात उत्तर मिळालं, जे आधी विचारायला पाहिजे होतं. तेव्हापासनं आमच्या वहीत एक रकानाच आहे, जवळचं पीक कुठलं आणि फवारणी कशाची. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात हा रकाना सोडू नका, मँकोझेब हे बुरशीनाशक मारलं असेल तर त्यात मँगनीज न जस्त दोन्ही असतं.

जागा किती घ्यायच्या? निदान दहा-बारा तरी, आणि त्यात शहरापासनं लांब, हमरस्त्यापासनं लांब अशा दोन-तीन जागा तुलनेसाठी हव्यातच. फताटेवाडीला ६६० मेगावॅटचे दोन कोळशाचे संच आहेत, होटगीच्या बाजूला सिमेंटचं काम आहे, पुणे-हैदराबाद हायवे शहराला लागून जातो, यातलं ज्याचं बघायचंय त्यापासनं अर्धा, एक, दोन, पाच किलोमीटर असं लांब लांब जात सॅम्पल घ्या आणि वाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी घ्या. आधीच निकाल ठरवून जाऊ नका, फक्त कुठं कशाकडं लक्ष ठेवायचं ते माहिती पाहिजे, कोळशाच्या राखेबरोबर आर्सेनिक, सेलेनियम बघतात, सिमेंटच्या धुळीत कॅल्शियम, गाड्यांच्या ब्रेकमधनं तांबं, अँटिमनी न बेरियम, टायरमधनं जस्त. पेट्रोलमधलं शिसं २००० साली देशभर बंद झालं पण जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत ते राहतं आणि धुळीबरोबर परत उडतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातनं किंवा कुठल्याही वनखात्याच्या जमिनीवरनं लेखी परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, तुलनेची जागा म्हणून ते कितीही चांगलं वाटलं तरी.

वेळ म्हणाल तर पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबर. आपल्याकडं सप्टेंबरात जोराचा पाऊस असतो आणि पावसानं पोटॅशियम, सोडियमसारखे विरघळणारे घटक धुऊन जातात, म्हणून शेवटच्या पावसानंतर किमान आठ-दहा कोरडे दिवस जाऊ द्या आणि सगळ्या जागा त्याच आठवड्यात उरका. एक जागा नोव्हेंबरात आणि दुसरी मार्चमध्ये असं केलं की तुलना संपली.

सामान साधं आहे. प्लॅस्टिकची किंवा सिरॅमिकची सुरी, प्लॅस्टिकचा चिमटा, पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे, कागदी पाकिटं, स्प्रे बाटलीत डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, पेन्सिल. स्टीलची सुरी नको, क्रोमियम न निकेल तिच्यातनंच येतं. वाळलेलं लायकेन काढायला गेलं तर त्याचा भुगा होतो, म्हणून आधी त्या पाण्याचा हलका फवारा मारायचा, पाच मिनिटं थांबायचं, ते मऊ पडून जरा हिरवट होतं आणि मग कडा अलगद उचलून येते. जमिनीपासनं एक ते दोन मीटर उंचीवरचंच घ्यायचं, खालचं नको कारण पावसाचे शिंतोडे न गुराढोरांची माती तिथं लागते. एका जागेवर पाच-सहा झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याच्या चारी बाजूंनी थोडं थोडं, मिळून वाळलेलं दोन ग्रॅम झालं तरी पुष्कळ. चट्टा पूर्ण खरवडू नका, तो तयार व्हायला कैक वर्षं गेलेली असतात, कडेचा तीन-चार मिलिमीटरचा भाग घ्या, अलीकडची वाढ तीच असते आणि मधला भाग जुना, धुळीनं भरलेला असतो. पाकिटावर तिथंच झाडाखाली बसून तारीख, जीपीएस, झाड, उंची, दिशा, जवळचा रस्ता, जवळचं पीक लिहा, घरी जाऊन लिहू म्हटलं की गोंधळ झालाच.

आणि त्याच वेळी माती घ्या. पुन्हा सांगतो, माती घ्या. झाडाखालची वरची बोटभर माती, शक्यतो तीन-चार ठिकाणची एकत्र, वेगळ्या पाकिटात. थोडी सालही घ्या जिथं लायकेन नाही तिथली. याचा उपयोग शेवटी आहे.

लॅबमध्ये आल्यावर सगळ्यात जास्त वेळ साफ करण्यात जातो आणि जायलाच पाहिजे. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डिशमध्ये एक एक तुकडा घ्यायचा, उलटा करायचा, खालच्या बाजूला सालीचे तपकिरी तुकडे चिकटलेले असतात, ते चिमट्यानं काढायचे. मध्येच एखादा काळा चकचकीत कण दिसतो, तो मातीचा नाहीतर मॅग्नेटाइटचा, नायलॉनच्या ब्रशनं झटकायचा. कोळ्याचं जाळं, मुंग्यांची अंडी, शेवाळाचे धागे, सगळं बाजूला. दोन ग्रॅम साफ करायला एका माणसाची अख्खी दुपार जाते, मान अवघडते, पण इथं जो कंटाळा करतो त्याचे लोखंड-ॲल्युमिनियमचे आकडे कधीच दोनदा सारखे येत नाहीत.

धुवायचं का, हा हमखास प्रश्न. माझं मत धुवू नका. डीआयोनाइज्ड पाण्यात बुडवलं की पोटॅशियम, मॅग्नेशियम बाहेर निघतं, आणि धूळ मात्र पूर्ण जात नाही कारण ती धाग्यांच्या आत अडकलेली असते, म्हणजे जे ठेवायचं ते गेलं आणि जे घालवायचं ते राहिलं. काहीजण काही सेकंद खळखळून घेतात, त्यांना घेऊ दे, पण मग सगळी सॅम्पलं अगदी तेवढेच सेकंद आणि रिपोर्टमध्ये तसं लिहायचं.

वाळवायला ओव्हन ४० डिग्रीला. जास्त तापवलं तर पारा उडतो. नेमका ओलावा काढायला वेगळा थोडासा भाग १०५ डिग्रीला वजन स्थिर होईपर्यंत ठेवायचा, तो भाग विश्लेषणाला वापरायचा नाही, नुसता हिशोबाला. दळायला अगेटचा, म्हणजे अकीक दगडाचा खल-बत्ता. घरचा मिक्सर नको, पात्याचं स्टील मिसळतं, लोखंडी खलबत्ता नको हे कळतंच, आणि कोणी पाटा-वरवंट्याचं नाव काढलं तर तोही नको, आपला पाटा बेसाल्टचाच असतो. लायकेन चिवट असतं, नीट वाळलं नाही तर दळतच नाही, द्रवरूप नायट्रोजन मिळाला तर सोनं, नाहीतर परत ओव्हनमध्ये ठेवा आणि धीर धरा.

आता विरघळवणं, म्हणजे डायजेशन. हे काम धुरांड्याच्या कपाटात, म्हणजे फ्यूम हूडमध्ये, गॉगल-ॲप्रन-हातमोजे घालूनच, आणि ज्याला येतं त्याच्या देखरेखीखाली. घरी, गच्चीवर, परसात करायची ही गोष्ट नाही. सगळी भांडी आदल्या दिवशी दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून, १८.२ मेगाओमच्या, म्हणजे अतिशुद्ध पाण्यानं तीनदा धुऊन ठेवायची. पावडर ०.२५ ग्रॅम अगदी नेमकी तोलून टेफ्लॉनच्या व्हेसलमध्ये, त्यात ६५ टक्क्यांच्या आसपासचं ट्रेस ग्रेड (ज्यात धातू जवळजवळ नसतातच असं) नायट्रिक ॲसिड ६ मिली, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २ मिली. लगेच झाकण लावू नका, अर्धा तास उघडं राहू द्या, फेस येतो, तपकिरी धूर येतो, तो शांत झाला की मग झाकायचं. मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये वीसेक मिनिटांत १८० ते २०० डिग्रीला न्यायचं, तिथं पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडायचं नाही, आत दाब असतो. थंड झालं की २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये नेऊन खुणेपर्यंत पाणी. द्रावण स्वच्छ, फिकट पिवळं नाहीतर रंगहीन दिसलं पाहिजे.

मायक्रोवेव्ह नसेल तर डायजेशन ब्लॉकवर ९५ डिग्रीला, वर वॉच ग्लास ठेवून, चार-सहा तास. चालतं, पण पारा आणि थोडं आर्सेनिक हातचं जातं. कोणी जुन्या पद्धतीप्रमाणं परक्लोरिक ॲसिड घाला म्हणालं तर ऐकू नका, सेंद्रिय पदार्थाबरोबर ते स्फोट करतं.

तळाला पांढरट-करडी वाळूसारखी राख उरेल. ती सिलिकेटची, म्हणजे मुख्यतः मातीची. ती विरघळवायला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागतं, ते कातडीतनं थेट आत जाऊन कॅल्शियम खातं आणि जीव घेऊ शकतं, त्याचं ट्रेनिंग न कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ असल्याशिवाय त्याच्या वाटेला जायचंच नाही. आपल्या कामाला त्याची गरजही नाही, फक्त आकडे नायट्रिकमध्ये विरघळणारे आहेत असं लिहायचं आणि माती पण अगदी ह्याच पद्धतीनं, ह्याच ॲसिडमध्ये, ह्याच तापमानाला डायजेस्ट करायची. दोघांना वेगळी वागणूक दिली की पुढची तुलना खोटी.

मशीन कुठलं ते तुम्हाला काय मोजायचंय त्यावर. सोडियम न पोटॅशियम साध्या फ्लेम फोटोमीटरवर होतं, ते बऱ्याच कॉलेजांत असतं. लोखंड, मँगनीज, जस्त, तांबं फ्लेम एएएसवर आरामात, म्हणजे ज्योतीत अणू प्रकाश किती शोषतात ते मोजणारं मशीन, त्यात प्रकाशाची तरंगलांबी तांब्याला ३२४.८ नॅनोमीटर, जस्ताला २१३.९, मँगनीजला २७९.५, लोखंडाला २४८.३. कॅल्शियम घेताना लँथॅनम घालायचं, नाहीतर फॉस्फेट त्याला धरून ठेवतं आणि आकडा कमी दिसतो. शिसं न कॅडमियम इतकं थोडं असतं की फ्लेमवर दिसत नाही, त्याला एएएसचीच ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस, म्हणजे प्लाझ्मात अणू तापवून त्यांच्या वजनावरनं मोजणारं मशीन. वीस-तीस मूलद्रव्यं एकदम हवी असतील तर आयसीपी, आणि इथं नसेल तर आयआयटी मुंबईच्या सॅफसारख्या (एसएआयएफ, मशिनं सगळ्यांना वापरू देणारं केंद्र) सुविधेत बाहेरची सॅम्पलं घेतात. आयसीपी-एमएसवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा, हीलियम कोलिजन मोड लावा, कारण आर्गॉन न क्लोरीन मिळून बरोबर आर्सेनिकच्या ७५ वजनावर बसतात न खोटं आर्सेनिक दाखवतात, आणि रोडियम नाहीतर इंडियम इंटरनल स्टँडर्ड म्हणून घाला, म्हणजे सगळ्यांत सारखंच घातलेलं, मशीन हललं तर कळायला.

मशीन आकडा देतं, तो खरा आहे का हे आपण दाखवायचं असतं. प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन ब्लँक, म्हणजे सॅम्पल नसलेली, बाकी सगळं सेम. दर दहा सॅम्पलमागं एक डुप्लिकेट. आणि सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल, लायकेनचं स्वतःचं मिळतं, बीसीआर-४८२, त्यात शिसं ४०.९, जस्त १००.६, तांबं ७.०३ आणि कॅडमियम ०.५६ मिलीग्रॅम प्रति किलो असं प्रमाणित आहे. तुमच्या हातून त्याचे आकडे ९० ते ११० टक्क्यांत आले तर पुढं जा, नाहीतर सगळं थांबवून चूक शोधा.

ते महाग पडतं, रोज वापरता येत नाही, म्हणून आम्ही एक करतो. मधल्या मारुतीजवळच्या मसाल्याच्या दुकानातनं अर्धा किलो दगडफूल आणतो, निवडून, वाळवून, दळून, चाळून एका मोठ्या बरणीत नीट हलवून एकजीव करतो. ती आमची घरची रेफरन्स. सुरुवातीला तिचे दहा वेगवेगळे भाग बीसीआरबरोबर मोजून सरासरी काढून ठेवली आणि आता प्रत्येक बॅचमध्ये तिचा एक भाग जातो, तिचा आकडा हलला की त्या दिवशी काहीतरी बिघडलंय हे कळतं. नवीन पोरांचा हातही आधी ह्याच पावडरीवर बसवायचा, जंगलातलं किंवा झाडावरचं लायकेन सरावाला वाया घालवायचं नाही. मात्र हे बाजारातलं दगडफूल सोलापूरच्या हवेचा पुरावा म्हणून वापरू नका, ते कुठल्या डोंगरावरनं आलं ते दुकानदारालाही माहिती नसतं.

हिशोब सोपा आहे. मशीनचा आकडा वजा ब्लँक, गुणिले फ्लास्कचे मिली, भागिले पावडरचे ग्रॅम. समजा जस्त ०.८५ मिलीग्रॅम प्रति लिटर आलं, ब्लँक ०.०२, तर ०.८३ गुणिले २५ भागिले ०.२५, म्हणजे ८३ मिलीग्रॅम प्रति किलो. ओलावा ८ टक्के निघाला असेल तर ८३ भागिले ०.९२, साधारण ९०. डायल्यूशन केलं असेल तर त्यानं गुणायचं विसरू नका, ह्या एका चुकीनं कितीतरी थिसिस अडकतात. ब्लँकच्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या तिप्पट ही शोधमर्यादा, दहापट ही मोजमापमर्यादा, त्याच्या खालचा आकडा आकडा म्हणून लिहायचा नाही, "मर्यादेखाली" लिहायचं, शून्य पण लिहायचं नाही.

आता ती माती काढा. एन्रिचमेंट फॅक्टर काढायचा, लायकेनमधलं तांबं भागिले लायकेनमधलं ॲल्युमिनियम, आणि याला मातीतल्या तांबं भागिले ॲल्युमिनियमनं भागायचं. ॲल्युमिनियम का, तर ते बहुतेक मातीतनंच येतं, म्हणून लायकेनमध्ये माती किती शिरली त्याचं ते माप आहे. उत्तर एकच्या आसपास असेल तर तो धातू मातीचाच, दहाच्या वर गेलं तर दुसरीकडनं कुठनं तरी आलाय.

समजायला एक उदाहरण घ्या, आकडे नुसते हिशोबाला धरलेत, सगळे मिलीग्रॅम प्रति किलो. लायकेनमध्ये ॲल्युमिनियम ३५०० आणि तांबं १२, आपल्या काळ्या मातीत ॲल्युमिनियम ७०००० आणि तांबं १३०. फॅक्टर आला १.८५, म्हणजे माती, विषय संपला. आता हेच कोणी पुस्तकातनं पृथ्वीच्या वरच्या कवचाची जागतिक सरासरी घेऊन केलं, ॲल्युमिनियम ८१५०० आणि तांबं २८, तर फॅक्टर येतो जवळजवळ १०. लायकेन तेच, मशीन तेच, आणि एक म्हणतोय मातीचं, दुसरा म्हणतोय प्रदूषण. बेसाल्टच्या मुलखात जागतिक सरासरी वापरली की तांबं, व्हॅनेडियम, टायटॅनियम सगळंच फुगतं. म्हणून मगाशी दोनदा म्हणालो माती घ्या. त्याच उदाहरणात शिसं बघा, लायकेनमध्ये १५, मातीत १२, फॅक्टर येतो २५. बेसाल्टमध्ये शिसं कमी असतं, त्यामुळं आपल्याकडं शिसं वाढलेलं असेल तर ते लपत नाही, तिथं खरंच शोधायला लागायचं, शेंदूर, जुना रंग, बॅटरी फोडायचं काम, काय आहे ते.

शहराच्या मधोमध, पेठांत, नव्या कॉलन्यांत लायकेन सापडतच नाही, तिथं दुसरा मार्ग. लांबच्या स्वच्छ जागेवरचं लायकेन सालीच्या तुकड्यासकट आणायचं, नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत भरून तीन मीटरवर टांगायचं, तीन महिन्यांनी काढायचं. आणतानाच त्यातला एक भाग तसाच बाजूला ठेवायचा, तो शून्य दिवसाचा. टांगलेल्याला शून्य दिवसाच्या आकड्यानं भागायचं, ०.७५ ते १.२५ आलं तर फरक नाही, १.७५ च्या वर गेलं तर जमा चांगलीच झाली. ऑक्टोबरच्या शेवटी टांगा न जानेवारीत काढा, एप्रिल-मेच्या ४२-४३ डिग्रीत पिशवीतलं लायकेन मरतं आणि मेलेल्याच्या आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, मग काय मोजतोय तेच कळत नाही. पिशव्या जागेमागं तीन तरी टांगा, एखादी माकडं नाहीतर पोरं काढतातच, आणि ज्यांच्या गच्चीवर टांगताय त्या काकूंना हे काय आहे ते नीट समजावून सांगा, नाहीतर करणी-बिरणी समजून फेकून देतात.

रिपोर्ट लिहिताना आकड्याबरोबर जात, झाड, उंची, महिना, धुतलं का नाही, कुठलं ॲसिड, रेफरन्सची रिकव्हरी (प्रमाणित आकड्याच्या किती टक्के) किती आली आणि फॅक्टरला कुठली माती वापरली हे सगळं लिहा, यातलं एक जरी राहिलं तरी दुसऱ्याला तुमच्या आकड्याशी स्वतःचा आकडा जोडता येत नाही. सरासरीपेक्षा मध्यक द्या, एखादं झाड आमच्या सांगोल्याच्या आंब्यासारखं निघालं की सरासरी त्याच्या मागं पळते. आणि असं झाड निघालं तर ते गुपचूप वगळू नका, का वेगळं आलं ते लिहून ठेवा.

उरलेली पावडर फेकायची नाही. ॲसिडनं धुतलेल्या छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून, अंधारात ठेवा, डबीवर पेन्सिलीनं नंबर आणि वहीत तोच नंबर. एक पूर्ण चट्टा मात्र न दळता कागदाच्या घडीत हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला द्या. आणि झाडाचा जीपीएस असतोच, पुढच्या नोव्हेंबरात त्याच झाडाकडं जा, चट्ट्याची कडा ट्रेसिंग पेपरवर उतरवून ठेवली असेल तर वर्षात किती सरकली तेही दिसतं, आणि यंदा कडेचं जेवढं घेतलं तेवढं भरून आलं नसेल तर त्या झाडाला अजून एक वर्ष सोडा, शेजारचं बघा.